ब्याऐंशी किलो चारशे ग्रॅम

मला लघिमा सिद्धी प्राप्त झाली होती, आणि ती मी स्वतःच्या सहीनं रद्द केली. त्या कागदाची नक्कल माझ्याकडे आहे. लोक गिरीप्रदक्षिणेच्या वाटेवर बसून तीस-तीस वर्षं जटा वाढवतात, त्यांना जे जमत नाही ते मला चार महिन्यांत जमलं, तेही नोकरी सांभाळून आणि दोन वेळा इडली खाऊन. तेव्हा हे सगळं नीट सांगितलं पाहिजे, कारण आमच्या गल्लीत त्याच्या तीन वेगवेगळ्या हकिगती फिरतायत आणि तिन्हींत मी मूर्ख ठरतो.

मी वजनमापे निरीक्षक. नाव ज्ञानसंबंदम, पण एवढं मोठं नाव फक्त पगारपत्रकात मावतं. तिरुवण्णामलैत मला सगळे संबंदम सार म्हणतात. चौतीस वर्षं मी दुकानदारांचे काटे तपासले, शिक्के मारले, आणि एकही शिक्का कधी खोटा ठरला नाही. निवृत्तीला सात महिने उरले होते. कोरी सेवापुस्तिका घेऊन घरी जायचं, एवढी एकच इच्छा होती. मग वैकासी महिन्यात रक्तदाब वाढला, आणि डॉक्टर म्हणाले, काहीतरी श्वासाचं करा.

आमच्या गावात श्वासाचं करायला काय तोटा! दर दहा पावलांवर एक आश्रम. पण माझी बायको मंगैयर्करसी, म्हणजे आमची मंगई, म्हणाली, "अहो, जिथं पावती फाडतात तिथं जाऊ नका. वेलायुदम सामींकडे जा." वेलायुदम सामी पूर्वी वीजमंडळात मीटर वाचायचे. आता डोंगराच्या मागच्या बाजूला, चिंचेखालच्या पत्र्याच्या खोलीत चार-पाच जणांना प्राणायाम शिकवतात. कुठल्याशा जुन्या सिद्धांच्या परंपरेतले आहेत म्हणे, पण विचारलं तर म्हणतात, "मी वीजमंडळाच्या परंपरेतला."

सामींनी श्वास शिकवला, एक मंत्र दिला आणि सांगितलं, "रोज पहाटे बस. काही दिसलं, ऐकू आलं, वास आला, तर येऊ दे, जाऊ दे. मोजू नकोस."

मोजू नकोस! हे वजनमापे निरीक्षकाला सांगायचं.

आमच्या कोपऱ्यावर रेशनचं दुकान आहे. तिथं अंजुगम नावाची विक्रेती आहे. नवरा तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात, दोन मुली शाळेत, आणि सहाशे कार्डांना दर महिन्याला वीस-वीस किलो फुकटचा तांदूळ मापायचा हिच्या एकटीच्या अंगावर. दुकानात जमिनीवर ठेवायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. चित्तिरैत, म्हणजे वैकासीच्या आधीच्याच महिन्यात, मीच तो तपासून शिक्का मारला होता. माझ्या घरात आमच्या मुलीनं पाठवलेला वजनाचा काटा आहे, पण त्यावर शिक्का नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते खेळणं. म्हणून पहाटेची साधना झाली की मी दुकान उघडायच्या वेळी जायचो, चपला काढायचो, दीर्घ श्वास घेऊन तो आत कोंडायचो आणि काट्यावर उभा राहायचो.

पहिल्या दिवशी ब्याऐंशी किलो चारशे ग्रॅम. महिन्यानं एक्याऐंशी. मला वाटलं, ठीक आहे. दुसऱ्या महिन्यात एकोणऐंशी दोनशे. इडल्या सकाळी सहा, रात्री पाच, पूर्वीइतक्याच. तिसरा महिना उलटला तेव्हा सत्त्याहत्तर नऊशे! मी काट्यावरून उतरलो, रिकाम्या काट्यावर शून्य दिसतंय का ते पाहिलं, पुन्हा चढलो. शून्य बरोबर, मी सत्त्याहत्तर नऊशे.

"सार, बारीक होताय," अंजुगम म्हणाली. "अक्का जेवायला देत नाहीत का?"

आता एक अडचण होती. पँटचं बटण पूर्वीइतकंच कष्टानं लागत होतं. ही गोष्ट मी शेजारच्या दंडपाणी सारना बोलून दाखवली, आणि तिथंच माझ्या आयुष्याची शांतता संपली. दंडपाणी सार निवृत्त गणित शिक्षक. त्यांना कुठलीही गोष्ट सांगितली की ते चौकटीचा कागद काढतात.

"पोट तेवढंच, वजन कमी?" ते चष्मा वर करून म्हणाले. "सार, तुम्हाला कळत नाहीये. अहो, हा बारीकपणा नव्हे, ही लघिमा! अष्टसिद्धींतली. शरीर कापसासारखं होतं. शास्त्रात वजनाचा उल्लेख आहे, कंबरेचा कुठंही नाही."

मी हसलो. पण हसताना मला फार बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. चौतीस वर्षांत माझ्याबद्दल कोणी शास्त्राचा आधार घेऊन बोललं नव्हतं.

दंडपाणी सारनी कागदावर आलेख काढला. आडव्या बाजूला महिने, उभ्या बाजूला मी. रेघ खाली खाली जात होती. "ह्या गतीनं," ते म्हणाले, "चार वर्षांनी, कार्तिगैच्या दीपोत्सवाच्या सुमारास, तुम्ही शून्यावर."

"शून्यावर म्हणजे?"

"म्हणजे वर."

दोन दिवसांत गल्लीला कळलं. मग सल्ले सुरू झाले. शिलाईवाल्या वळ्ळीअम्मांचं म्हणणं, छताचा पंखा आताच काढून घ्या. कोणी म्हणालं, झोपताना कमरेला सुती दोरी बांधा, नायलॉन साधनेला चालत नाही. मंगई हे सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "वर जायच्या आधी माळ्यावरची पितळी भांडी काढून द्या." जिला नवऱ्याच्या सिद्धीपेक्षा पितळी भांड्यांची काळजी, तिच्याशी काय बोलणार!

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण वळ्ळीअम्मांना आणखी एक चमत्कार दिसला. "संबंदम सारनी साधना सुरू केल्यापासून," त्या पाणी भरताना सगळ्यांना सांगू लागल्या, "आमचा रेशनचा तांदूळ संपत नाही. पूर्वी अठ्ठाविसाव्या दिवशी डबा खडखडायचा. आता महिना पुरून वर चार मुठी उरतो." आणि आश्चर्य म्हणजे बाकीच्याही बायका म्हणाल्या, हो, आमचाही! मंगईसुद्धा म्हणाली. दंडपाणी सारनी नवा कागद काढला. सत्पुरुष राहतो त्या परिसरात अन्न वाढतं, असं त्यांनी सांगितलं. लोक सकाळी माझ्याआधी दुकानापाशी येऊन उभे राहू लागले. मी काट्यावर चढलो की आकडा मोठ्यानं वाचायचे, आणि दोन-तीन म्हाताऱ्या हात जोडायच्या. मी डोळे मिटून घ्यायचो. नम्रपणा म्हणून.

एकदाच मला शंका आली. बस स्टँडपाशी एका दुकानापुढं नाणं टाकून वजन करायचं यंत्र होतं. सहज उभा राहिलो. चिठ्ठी आली: ब्याऐंशी. मग मी वाकून बघितलं, तर त्या यंत्रावरच्या शिक्क्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली! मुदतबाह्य यंत्राचा पुरावा ग्राह्य कसा धरणार? मी मालकाला नोटीस दिली, चिठ्ठी फाडली आणि घरी येऊन छान झोपलो.

सामींना सांगायला मी आवणी महिन्यातल्या एका रविवारी गेलो. बरोबर दंडपाणी सारचा आलेखही नेला. सामी तांदूळ निवडत बसले होते. आलेख त्यांनी उलटा धरला, मग सुलटा.

"इडल्या किती खातोस?"

"अकरा, सामी. दिवसाला."

"पूर्वी?"

"अकराच."

"बायकोवर ओरडतोस?"

"पूर्वीइतकाच. म्हणजे... थोडा जास्त. साधनेच्या वेळी भांडी वाजवते हो ती."

"मग हलकं काय झालं?" सामींनी एक खडा काढून बाहेर फेकला. "वीस वर्षं मीटर वाचले मी. मीटर जोरात पळतो म्हणून घरात उजेड जास्त पडतो असं एकाही घरी बघितलं नाही. निरीक्षका, कचेरीत साहेबाला भेटायला जातोस ना, तेव्हा बाहेर शिपाई म्हणतो, बसा, चहा घ्या. चहा चांगला असतो. पण चहा पीत बाकावर बसलेल्या माणसानं साहेबाला भेटून आलो असं सांगू नये."

"म्हणजे ही सिद्धी नाही?"

"असली तरी चहा, नसली तरी चहा. चाळीस दिवस काट्यावर चढू नकोस."

मी वाकून नमस्कार केला, आणि परत येताना मनात म्हणालो, सामींना शिष्याचं पुढं जाणं जरा जड जातंय. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर होतो. सहा-सात म्हाताऱ्या आलेल्या, त्यांना रिकाम्या हातांनी कसं पाठवणार?

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर रेशनची दुकानं चालवणाऱ्या सहकारी संस्थेचं पत्र आलं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात चार महिन्यांत तांदळाची छत्तीस पोती तूट आली आहे, तरी तेथील काटा बरोबर आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.

आता खात्याचा नियम असा की शिक्का मारलेला काटा पुढच्या तपासणीपर्यंत बरोबरच मानायचा. काटा चुकीचा आहे असं संस्थेला वाटत असेल तर तिनं अर्ज करायचा. अर्जासोबत काटा चुकीचा असल्याचा पुरावा जोडायचा. आणि पुरावा द्यायचा अधिकार फक्त आम्हाला. नियम मी केलेला नाही, पण चौतीस वर्षं त्याच्या सावलीत मी सुखानं बसलोय. मी पत्र लिहिलं: सदर काटा अचूक आहे, तुटीचं कारण अन्यत्र शोधावं. सही केली, तारीख टाकली.

खरं सांगायचं तर पेन उचलताना एक गोष्ट आठवली होती. नव्यानं लागलेल्या निरीक्षकांना पहिल्या दिवशी मीच शिकवतो: आकडा बघण्याआधी वाका आणि काट्याच्या तबकाखाली बघा. चार महिने मी रोज त्या काट्यावर चढत होतो, आणि एकदाही वाकलो नव्हतो. मला वाकायचंच नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी अंजुगम घरी आली. मंगईनं कॉफी दिली, ती पेल्यात तशीच निवत राहिली.

"सार, उद्या संस्थेचे साहेब येणार. दुकानाची किल्ली काढून घेणार म्हणाले."

"असं कसं?"

"छत्तीस पोती कमी आहेत ना. विकली असं म्हणतात. कोणाला विकणार सार? फुकटचा तांदूळ विकत कोण घेतं आमच्या गल्लीत?" तिनं पदरानं नाक पुसलं. "आधी वाटलं काटाच बिघडलाय. पण तुमचं पत्र दाखवलं त्यांनी. तुमचा शिक्का असताना काटा कसा चुकेल? माझंच कुठंतरी चुकतंय. मोठी मुलगी म्हणते, अम्मा, तू मापताना झोपतेस का? डोळ्यांत तेल घालून मापते हो मी. कमी पडू नये म्हणून वरून चार दाणे जास्तच टाकते."

मी तिचा कॉफीचा पेला जरा पुढं सरकवला.

"तुमच्याकडे एकच मागायला आले. तुम्हाला सिद्धी आहे. डोळे मिटून बघा ना, तांदूळ जातो कुठं? जे दिसेल ते सांगा. मी चुकत असेन तर मी किल्ली देते."

तिनं हात जोडले. मी डोळे मिटले, कारण ती समोर असताना ते उघडे ठेवणं मला जमेना. आणि पहिल्यांदाच मला सगळं स्पष्ट दिसलं. तांदूळ वळ्ळीअम्मांच्या डब्यात होता, दंडपाणी सारच्या डब्यात होता. वीस किलो म्हणून प्रत्येक पिशवीत वर किलो-दीड किलो जात होतं. माझं वजन जिथं गेलं होतं तिथंच तिचा तांदूळ गेला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे उघडायची हिंमत होईना.

"दिसलं का सार?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर मंगई स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. अर्ध्याच्या वर भरलेला होता. तारीख बावीस. "अहो," ती म्हणाली, "मला गणित येत नाही. पण मला वाटतं तुम्ही उद्या वजनं घेऊन जा." एवढं म्हणून ती कॉफीचे पेले विसळायला गेली.

सोमवारी कचेरीतली वीस-वीस किलोची चार प्रमाणित वजनं रिक्षात घालून मी दुकानापाशी उतरलो. अर्धी गल्ली जमलेली. साहेब आले होते, किल्ली मागत होते.

"थांबा," मी म्हणालो. "काट्याची फेरतपासणी करायची आहे."

साहेबांनी फायलीतून माझंच पत्र काढलं. "पण अचूक आहे असं तुम्हीच कळवलंय. ही सही तुमचीच ना?"

"माझीच. न बघता केलेली." चौतीस वर्षांत हे वाक्य मी फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

मी चपला काढून काट्यावर उभा राहिलो. शहात्तर एकशे. लोकांनी आकडा मोठ्यानं वाचला, एका म्हातारीनं हात जोडले. मी उतरलो आणि चारही लोखंडी वजनं चढवली. ऐंशी किलो. काटा म्हणाला, त्र्याहत्तर नऊशे.

मग दंडपाणी सार भारावलेल्या आवाजात म्हणाले, "वजनांनाही! सार, रिक्षात तुम्ही त्यांना मांडीला लावून बसला होतात!"

मी वाकलो. पँटचं बटण तुटून अंजुगमच्या टेबलाखाली गेलं, पण वाकलो. तबक उचललं. कडेची रबरी पट्टी एका कोपऱ्यात फाटली होती आणि तिथून दाणा दाणा आत जाऊन तबकाखाली तांदळाचा चांगला थर दाबून बसला होता. काळपट, किडे झालेला. रिकामं तबक त्याच्यावर तरंगत राही, म्हणून शून्य बरोबर. ओझं आलं की तबक खाली बसे आणि थोडा भार तो तांदूळच उचले. माझी लघिमा दोन सूपभर निघाली. अंजुगमनं ती झाडूनं गोळा केली.

स्वच्छ काट्यावर वजनं चढवली: ऐंशी. मग सगळ्यांच्या देखत मी उभा राहिलो. अंजुगमनं आकडा वाचला, तोही हळू, माझ्यावरच्या दयेपोटी.

"ब्याऐंशी चारशे."

"चार महिने प्राणायाम," दंडपाणी सार कागदाची घडी घालत म्हणाले, "आणि शंभर ग्रॅमसुद्धा नाही!" त्यांच्या आवाजात मी त्यांना फसवल्याचं दुःख होतं.

मी पिशवीतून खोडायचा ठसा काढला आणि चित्तिरैतल्या माझ्याच शिक्क्यावर ठोकला. पंचनामा लिहिला. तूट काट्याच्या दोषामुळे. विक्रेतीचा दोष नाही. तपासणीत कसूर झाली ती निरीक्षकाकडून. साहेबांनी तीनदा वाचलं. "शेवटचं वाक्य ठेवायचंच आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. "अहो, तीन महिने राहिलेत तुमचे."

मी अंजुगमकडे बघितलं. ती किल्ली मुठीत घट्ट धरून उभी होती. "राहू द्या," मी म्हणालो.

महिन्याभरात माझ्या कोऱ्या सेवापुस्तिकेत ताशेरा आला, दोन ओळींचा, लाल शाईत. गल्लीनं अबोला धरला तो वेगळाच. लघिमा गेल्याचं लोकांनी मला माफ केलं, पण पिशवीत वीस किलो म्हणजे वीसच किलो येऊ लागले, हे काही कोणी माफ केलं नाही. वळ्ळीअम्मा तर म्हणाल्या, बरं चाललं होतं, ह्यांना कशाला वाकायचं होतं?

मी कानाला खडा लावला की आता काट्याच्या वाटेला जायचं नाही. तो तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी सकाळी अंजुगम दारात.

"सार, चला ना. दुकान उघडायचंय."

"मग उघड की. मी कशाला?"

"तुम्ही उभे राहिल्याशिवाय मी मापणार नाही. तुमचं वजन मला पाठ आहे. ब्याऐंशी चारशे आलं की काटा बरोबर. नाही आलं की झाडू घेते."

मी तिला समजावलं. माणूस हे प्रमाणित वजन नव्हे. खात्याच्या कुठल्याही परिशिष्टात माणूस नाही. एक तांब्या पाणी प्यालं तरी मी कायद्याच्या मर्यादेबाहेर जातो. ती दारातून हलेना. शेवटी मंगईनं आतून आवाज दिला, "जा हो. आणि इडल्या आता मोजूनच मिळतील. सकाळी सहा, रात्री पाच. एक कमी नाही, एक जास्त नाही."

तेव्हापासून रोज जातो. निवृत्त झालो तरी जातो. मार्गळी महिन्यातल्या एका सकाळी मी असाच काट्यावर उभा होतो, जुन्या सवयीनं श्वास आत कोंडून. रांगेत बघतो तर पिशवी काखेत मारून वेलायुदम सामी! तिकडच्या दुकानात गर्दी होती म्हणून इकडे आले होते. सांगितलेले चाळीस दिवस मी कधीच पाळले नव्हते, आणि हे तर आता जन्माचं झालं होतं.

"सामी," मी तिथूनच म्हणालो, "हे मी... हिच्यासाठी..."

सामींनी अंजुगमकडे बघितलं, तिच्या हातातल्या झाडूकडे बघितलं, मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"श्वास सोड आधी," ते म्हणाले. "हलू नकोस. तिला नीट वाचू दे."

मी श्वास सोडला. अंजुगम वाकली, तबकाखाली बघितलं, मग आकडा वाचला.

"ब्याऐंशी चारशे."

"बरोबर?" सामींनी विचारलं.

"बरोबर, सामी."

"मग उतर आता," सामी मला म्हणाले आणि पिशवीचं तोंड उघडून पुढं झाले. "घाल गं पोरी, वीस किलो."